तो उद्या काम सोडून जाऊ शकतो का? आधुनिक गुलामगिरी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

मानवी तस्करी आणि वेठबिगारी या विषयाकडे माणसं वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुणी संस्थेत नव्याने रुजू झालेलं असतं, कुणाच्या अंगावर कंपनीच्या खरेदी विभागात पुरवठादार तपासण्याचं काम येऊन पडलेलं असतं, कुणी पत्रकार असतं, कुणी कायद्याचं विद्यार्थी. सुरुवातीला जवळजवळ सगळे एकच गोष्ट शोधतात: कुलूप. दाराला कुलूप नाही, गेटवर मारहाण दिसत नाही, माणसांच्या हातात मोबाइल आहेत, म्हणजे इथे तसलं काही नाही, असा शेरा लिहून परत येतात. त्या शेऱ्याची किंमत आत राहिलेली माणसं मोजतात.

कुलपाऐवजी एक प्रश्न सोबत ठेवा. हा माणूस उद्या सकाळी काम सोडून निघाला, तर त्याचं काय होईल? पोलिस पकडतील? कर्जदार गावाकडे आईबापांच्या दारात जाऊन बसेल? सहा महिन्यांचा थकलेला पगार बुडेल? पुढे जे सांगतो आहे ते सगळं या प्रश्नाचं खरं उत्तर कसं काढायचं, त्याबद्दलच आहे.

पायरी १: दोन व्याख्या पक्क्या करा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० सालच्या २९ क्रमांकाच्या करारात सक्तीच्या श्रमाची व्याख्या आहे. शिक्षेची किंवा नुकसानीची धमकी देऊन करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेलं कोणतंही काम म्हणजे सक्तीचे श्रम. यात दोन अटी आहेत, धमकी आणि खुशीचा अभाव. धमकी म्हणजे चाकू दाखवणंच नव्हे. पगार दाबून ठेवणं, परदेशातून हाकलून देण्याची भीती घालणं, घरच्यांची बदनामी करू असं सांगणं, हेही त्यात येतं.

दुसरी व्याख्या तस्करीची. संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी करार, म्हणजे पालेर्मो प्रोटोकॉल, २००० साली मंजूर झाला आणि २००३ च्या अखेरीस लागू झाला. त्यात तीन भाग आहेत: कृती (माणूस मिळवणं, नेणं, लपवणं, ताब्यात घेणं), मार्ग (बळ, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा) आणि हेतू (शोषण). नव्या लोकांचा इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, तस्करीसाठी सीमा ओलांडावी लागत नाही. माणूस स्वतःच्या गावात राहूनही तिचा बळी असू शकतो. दोन, फसवून किंवा धाक घालून मिळवलेल्या होकाराला किंमत नाही. 'सही तर त्यानेच केली होती' हा बचाव तिथेच संपतो. तीन, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मार्ग सिद्ध करायची गरजच नाही, कृती आणि हेतू पुरेसे आहेत.

चोरट्या वाटेने सीमा पार करून देणं हा वेगळा गुन्हा आहे. तिथे पैसे घेऊन पलीकडे सोडलं की व्यवहार संपतो. तस्करीत खरा व्यवहार पोहोचल्यावर सुरू होतो. प्रत्यक्षात मात्र एका प्रकरणाचं दुसऱ्यात रूपांतर वाटेतच होऊ शकतं, म्हणून पहिल्या भेटीतच शिक्का मारू नका.

भूक आणि बेकारी हीसुद्धा सक्तीच आहे का? माझ्या मते या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, त्याचं स्पष्ट उत्तर दिलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा परिस्थितीच त्याला भाग पाडत असते, आणि घटनेच्या २३ व्या कलमाखाली ते सक्तीचे श्रमच ठरतात. बहुतेक देशांचे कायदे इतक्या लांब जात नाहीत. पण हा निकाल माहीत असला की 'गरीब आहे म्हणून करतो, त्यात सक्ती कसली' या वाक्यापुढे आपण गप्प बसत नाही.

पायरी २: आकडे वाचा, पण जपून

सर्वाधिक वापरला जाणारा अंदाज श्रम संघटना, वॉक फ्री ही मानवी हक्क संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी २०२२ मध्ये एकत्र प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१ मध्ये सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत होती. त्यातली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या विवाहात. सक्तीच्या श्रमातले ३९ लाख लोक सरकारांनीच राबवलेले होते. बाकीचे खासगी क्षेत्रात, म्हणजे शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम, मासेमारी आणि देहव्यापारात. सक्तीच्या श्रमाचा निम्म्याहून अधिक भाग उच्च आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत आढळतो, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. हा फक्त गरीब देशांचा रोग आहे ही समजूत त्यामुळे पहिल्याच दिवशी मोडते.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर श्रम संघटनेने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमातून मिळणारा बेकायदा नफा वर्षाला २३६ अब्ज डॉलर असल्याचं मांडलं. त्यातला मोठा वाटा लैंगिक शोषणातून येतो, तिथे अडकलेल्यांची संख्या तुलनेने कमी असूनही. हे सगळे अंदाज सर्वेक्षणं आणि गणिती पद्धती जोडून काढलेले आहेत. दोन वेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून 'इतके वाढले' म्हणण्याआधी दोन्ही वेळची मोजणीची पद्धत एकच होती का, ते तपासा.

पायरी ३: कर्जाचा हिशेब स्वतः मांडा

ही पायरी घाईत उरकू नका. वेठबिगारीचा कणा बहुतेक वेळा कर्ज असतो, आणि तो कागदावर हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही. कामगाराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, किंवा परदेशी नोकरीसाठी एजंटाला भरायला सावकाराकडून पैसे काढलेले असतात. दोन्हीकडे गणित सारखंच चालतं.

एक उदाहरण घ्या. चलन कुठलंही धरा. महिन्याला १०० पगार ठरला. एजंटाला आणि प्रवासाला मिळून ६०० लागले, ते महिन्याला शेकडा चार दराने काढले, म्हणजे महिन्याला २४ व्याज. तिथे पोहोचल्यावर हातात दुसराच करार ठेवला गेला आणि पगार ७० झाला. राहण्याजेवणाचे २० कापले, उरले ५०. घरी पोटापुरते २५ पाठवले, उरले २५. व्याजाचे २४ गेले. मुद्दलातून फिटला १. असाच नेमाने भरत राहिला तरी दोन वर्षांचा करार संपताना ६०० पैकी जेमतेम ४० फिटलेले असतात. त्यात एखादा महिना पगार उशिरा झाला, आजारपणाचे दिवस कापले गेले, की मुद्दल उलट वाढू लागतं.

या माणसाच्या खोलीला कुलूप नाही. तो सुट्टीच्या दिवशी बाजारात जातो, घरी फोन करतो. मात्र काम सोडून तो परतला तर घर, शेत किंवा बहिणीचे दागिने जातात. म्हणून तो बारा तासांची पाळी चौदा तासांची झाली तरी बोलत नाही.

मुलाखतीत 'तुमच्यावर कर्ज आहे का' असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात. लाज असते, भीती असते, आणि एजंटाला दिलेले पैसे अनेकांना कर्ज वाटतच नाहीत, तो नोकरीचा खर्च वाटतो. त्याऐवजी क्रमाने विचारत जा. इथे येण्याआधी कुणाकुणाला पैसे दिले? पावती मिळाली का? ते पैसे कुठून आणले? व्याज किती आणि दर महिन्याला कोण वसूल करतं? निघण्याआधी सांगितलेला पगार आणि पहिल्या महिन्यात हातात पडलेला पगार यांत फरक किती होता? पगाराची चिठ्ठी पाहायला मिळाली तर कपातीचा रकाना आधी वाचा. 'इतर' या नावाखाली दर महिन्याला ठरावीक रक्कम जात असेल तर ती कशाची, हे कामगाराला आणि व्यवस्थापकाला वेगवेगळं विचारा.

नियम इथे कामगाराच्या बाजूने आहेत. श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराप्रमाणे खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घ्यायचं नसतं, अपवाद फार थोडे. भरतीचा खर्च मालकाने सोसायचा, हे तत्त्व आता अनेक मोठ्या खरेदीदारांनी कागदावर मान्य केलेलं आहे. कागदावर मान्य केलंय म्हणूनच तर हिशेब मागायचा.

पायरी ४: कागद कुणाकडे आहेत ते पाहा

पासपोर्टबद्दल विचारलं की व्यवस्थापन ठराविक उत्तर देतं: सुरक्षित राहावा म्हणून ऑफिसात ठेवलाय, कामगारांनीच सांगितलं. हे उत्तर ऐकून वहीत टिपा आणि पुढचे प्रश्न विचारा. मागितला तर किती वेळात मिळतो? कारण लिहून द्यावं लागतं का? अनामत भरावी लागते का? शेवटचा हातात कधी घेतला होता? मग एखाद्या कामगाराला तो खरोखर मागून पाहायला सांगायचा मोह होईल. ते करू नका. त्या मागणीचा भुर्दंड तुम्ही निघून गेल्यावर त्याला बसतो.

कागदांत व्हिसाही येतो. राहण्याचा परवाना एकाच मालकाच्या नावाशी बांधलेला असेल तर काम सोडताक्षणी माणूस बेकायदा ठरतो आणि पोलिसांत जायचीही त्याला भीती वाटते. आखाती देशांतली कफाला पद्धत याचं सर्वांत परिचित रूप. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, पण कायद्यातली अट निघाली म्हणून कामगार पळून गेल्याची तक्रार करू अशी मालकाची धमकी आपोआप निघत नाही. अशाच बांधलेल्या परवान्यांवर अनेक श्रीमंत देशांत हंगामी शेतमजूर आणि घरकामगार आणले जातात, तेव्हा नजर फक्त आखाताकडे ठेवू नका. घरकामगारांसाठी २०११ चा १८९ क्रमांकाचा करार आहे. स्वतःची ओळखपत्रं आणि प्रवासाची कागदपत्रं स्वतःकडे ठेवण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

पायरी ५: खुणा एकट्या पाहू नका

श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाच्या ११ खुणा दिल्या आहेत: असहायतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, धाकदपटशा, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात जखडणं, राहण्याची आणि कामाची वाईट अवस्था, अति जादा काम. कधी एकच खूण पुरेशी असते, कधी पाच जमल्यावर चित्र उमटतं. यातलं पगार अडवणं दिसायला सौम्य वाटतं, पण २०२१ च्या अंदाजांत सक्तीचं सर्वाधिक वापरलेलं हत्यार तेच होतं. थकलेल्या पगाराच्या आशेने माणूस आणखी एक महिना थांबतो, मग आणखी एक.

खुणा वाचताना स्वतःच्या मनातलं बळीचं चित्र बाजूला ठेवावं लागतं. आग्नेय आशियातल्या सायबर फसवणुकीच्या वसाहती पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा ठिकाणी सक्तीने राबवले जात असावेत. यातले बरेच जण शिकलेले, संगणक आणि एकाहून अधिक भाषा येणारे. ग्राहक सेवेची किंवा डेटा एंट्रीची चांगल्या पगाराची नोकरी म्हणून निघाले आणि पोहोचल्यावर अनोळखी लोकांना फोनवर लुबाडण्याच्या कामाला जुंपले गेले. ठरवून दिलेली वसुली झाली नाही तर मारहाण, आणि सुटायचं तर खंडणी. बाहेरून पाहणाऱ्याला हे गुन्हेगार दिसतात, आणि सुटून आलेल्यांवरच गुन्हे दाखल झाल्याच्या घटना आहेत. म्हणून शिक्षा न करण्याचं तत्त्व समजून घ्या: तस्करीत अडकल्यामुळे करावा लागलेला गुन्हा त्या माणसाच्या माथी मारायचा नसतो. श्रम संघटनेच्या २०१४ च्या प्रोटोकॉलमध्येही ते आहे. पोलिस, वकील, दूतावासातले अधिकारी यांच्यासमोर ते तुम्हालाच मांडावं लागेल.

पायरी ६: मालाचा माग उलट्या दिशेने काढा

तुम्ही कंपनीत असाल किंवा बातमीदार असाल, तर दुकानातल्या वस्तूपासून मागे जायला शिका. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या वार्ताहरांनी २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या बेंजिना या बेटावरच्या गावात डांबलेले मच्छीमार शोधले. त्यात बहुतेक म्यानमारचे होते, काहींना पिंजऱ्यात ठेवलेलं होतं. वार्ताहर तिथेच थांबले नाहीत. मासळी नेणाऱ्या जहाजाचा उपग्रहावरून पाठलाग केला, थायलंडच्या बंदरात उतरलेला माल कोणत्या ट्रकमधून कोणत्या कारखान्यात गेला ते पाहिलं, आणि तिथून अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्यापर्यंत दुवा जोडला. त्यानंतर २,००० हून अधिक माणसं सुटली. बोलायला पुढे आलेली माणसं सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत वार्ताहरांनी बातमी थांबवून धरली होती. बातमीपेक्षा मला ती गोष्ट अधिक शिकवण्यासारखी वाटते.

प्रत्येकाकडे उपग्रह नसतो, पण सुरुवातीला उघड उपलब्ध साधनं पुरतात. अमेरिकेचं श्रम खातं बालमजुरी किंवा सक्तीच्या श्रमातून बनणाऱ्या वस्तूंची यादी प्रसिद्ध करतं. २०२४ च्या यादीत ८२ देश आणि प्रदेशांतल्या २०४ वस्तू होत्या. तुमची वस्तू आणि देश त्यात शोधा. मग पुरवठादाराला त्याचा पुरवठादार विचारा, आणि त्याच्याही मागचा. बहुतेक कंपन्यांना पहिल्या थरापलीकडचं सांगता येत नाही. कापूस जिनिंगमध्ये (सरकी काढताना) मिसळला, कोबाल्ट शुद्धीकरणात मिसळलं, मासळी भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात गेली, की माग तिथे पुसला जातो. आपला माग नेमका कुठे तुटतो ते ठिकाण नकाशावर खूण करून ठेवा. पुढची चौकशी तिथूनच सुरू करायची आहे.

लेखापरीक्षणाच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एक प्रतिष्ठित सामाजिक प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०१२ मध्ये, तिथे लागलेल्या आगीत २५० हून अधिक कामगार गेले. आगीतून बाहेर पडायची दारं ज्या पाहणीत दिसत नाहीत, तिथे कर्ज आणि धमकी काय दिसणार? आधी कळवून केलेल्या एका दिवसाच्या भेटीत, मुकादमाच्या नजरेसमोर, कामगार खरं बोलत नाही.

आणि खरेदी विभागातल्यांनी स्वतःची ऑर्डरही तपासावी. भाव इतका पाडला की त्यात कायदेशीर मजुरी बसत नाही, मुदत इतकी कमी दिली की जादा तासांशिवाय माल निघणार नाही, तर पुरवठादाराकडच्या सक्तीत तुमचा हात आहे. फ्लोरिडातल्या टोमॅटो शेतांवर कामगारांनीच उभा केलेला फेअर फूड कार्यक्रम इथे अभ्यासावा. मोठे खरेदीदार पौंडभर वजनामागे एक सेंट जास्त देतात, तो पैसा कामगारांच्या पगारात जातो, आणि ज्या शेतावर सक्तीचे श्रम सापडतील त्या शेताचा माल घेणं थांबवतात. तक्रार करायला चोवीस तास फोन असतो.

पायरी ७: कोणत्या कायद्याला दात आहेत ते ओळखा

ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरी कायदा ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून वार्षिक निवेदन मागतो. पण आपण काहीच पावलं उचलली नाहीत असं लिहिलं तरी कलमाची पूर्तता होते. अशी निवेदनं वाचताना विशेषणं सोडा आणि घटना शोधा: किती ठिकाणी भरती शुल्क सापडलं, किती परत केलं.

सीमाशुल्काचे कायदे अधिक टोकदार असतात, कारण ते माल बंदरात अडवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या मालाबाबत अमेरिकेचा जून २०२२ पासून लागू झालेला कायदा तो माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असं धरून चालतो, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर. मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह या हातमोज्यांच्या कंपनीचा माल अमेरिकेने जुलै २०२० मध्ये अडवला. कंपनीने कामगारांना भरती शुल्क परत केलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. युरोपीय संघाचा सक्तीच्या श्रमाच्या मालावर बंदी घालणारा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे. ब्राझीलची तऱ्हा निराळी. तिथे १९९५ पासून फिरती तपासणी पथकं शेतांवर अचानक धडकतात, आणि दोषी मालकांची नावं सरकारी यादीत जाहीर होतात.

पायरी ८: माणसाशी बोलताना

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी नियम दिले, आणि पहिला नियम इजा न करण्याचा आहे. भेटायची जागा तिने ठरवावी. दुभाषा तिच्या गावचा किंवा एजंटाच्या ओळखीचा नसावा. 'आत्ता बोलणं सुरक्षित आहे का' हे दर वेळी विचारा, आणि संभाषण मध्येच तुटलं तर काय बोलत होतो म्हणून सांगायचं, ते आधी ठरवून ठेवा. अत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा काढू नका. चेहरा, आवाज, अंगावरचा गोंदण किंवा खिडकीबाहेरचा देखावा दिसेल असा फोटो कुठेही टाकू नका. जे देता येणार नाही त्याचं वचन देऊ नका, मग ते परतीचं तिकीट असो वा भरपाई.

संशय आला म्हणून स्वतः धाड घालायला जाऊ नका. तुम्ही पोहोचण्याआधी माणसं हलवली जातात, आणि मागे राहिलेल्यांवर राग निघतो. पाहिलेलं तारीखवार लिहा: गाडीचा क्रमांक, पाळीच्या वेळा, कोण बोलू देत नाही. मग प्रशिक्षित संस्था किंवा संबंधित यंत्रणेकडे द्या. जिवाला धोका समोर दिसत असेल तर मात्र लगेच पोलिसांना कळवा.

पायरी ९: सुटकेच्या दिवसापासूनचं काम

सुटून घरी आलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा त्याच एजंटाच्या गाडीत बसलेला दिसतो, कारण कर्ज तसंच असतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पैशाच्या बाजूचं काम सुरू करा. तो देश सोडण्याआधी थकलेल्या पगाराचा दावा लिहून घ्या, त्याच्या भाषेत, त्याला वाचून दाखवून. सोबत मूळ करार, बदललेला करार, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, एजंटाशी झालेले मोबाइलवरचे संदेश आणि सहकाऱ्यांची नावं जोडा. पावती नसेल तर पैसे दिले तेव्हा कोण हजर होतं ते लिहा. परतल्यावर दाव्याचा पाठपुरावा कोण करेल, त्यासाठी मुखत्यारपत्र लागेल का, हे वकिलाला तिथेच विचारा. आणि पुरवठादाराशी करार तोडणार असाल तर आधी त्याच्याकडून, नाहीतर स्वतःच्या कंपनीकडून, कामगारांची थकबाकी आणि भरती शुल्क कोणत्या तारखेला मिळणार ते लेखी घ्या. माल बंद झाला की पहिल्यांदा हातची मजुरी त्यांचीच जाते.